ड्रायव्हर उजवीकडे बघतो तेव्हा डावीकडे कोण? सत्तरीतल्या एका शाळाबसचं प्रकरण

सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेचं हे प्रकरण. शाळेचं, गावाचं किंवा माणसांचं नाव देत नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता आणि लोकांना नाव कळलं की चर्चा तिथेच संपते. मी ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. शाळेने मला बोलावलं तेव्हा घटना घडून गेली होती आणि 'ड्रायव्हर बदला' हा ठराव जवळजवळ टाईप होऊन तयार होता.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी एवढं सांगतो, की सरकारने अनुदानित शाळांना ज्या बसगाड्या दिल्या त्यांना इथे बालरथ म्हणतात. गाडी शाळा चालवते आणि डिझेल, देखभाल, ड्रायव्हर व मदतनीस यांचा पगार यासाठी सरकारी अनुदान येतं. पगाराच्या प्रश्नावर बालरथ कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी आंदोलनंही केली आहेत. कदंब म्हणजे गोव्याची सरकारी बस आणि खासगी बस मुख्य रस्ता धरून जातात, वाड्यावाड्यांत शिरत नाहीत. त्यामुळे साखळी–केरी पट्ट्यातल्या पोरांची शाळा या पिवळ्या गाडीवरच उभी आहे.

ऑगस्टमधली दुपार होती. पाऊस उघडत होता, परत येत होता. बस केरीच्या दिशेने निघालेली. एका तिठ्यावर दुसरीतली मुलगी उतरली. मदतनीस बाईंनी तिला हाताला धरून पायरीवरून खाली सोडलं, दार ओढून घेतलं आणि आतून पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरने गिअर टाकला. मधल्या दोन-चार सेकंदांत मुलीच्या हातातली घडीची छत्री सुटली, घरंगळत पुढच्या डाव्या चाकाशी गेली आणि ती उचलायला मुलगी वाकली. तिठ्यावरच्या गाड्यावर चहा पिणारे दोघे ओरडले. त्यांतल्या एकाने धावत जाऊन बसच्या पुढच्या काचेवर बुक्की मारली. बस थांबली. चाक अर्धा फेराही फिरलं नव्हतं, पण छत्रीच्या काड्या त्याखाली गेल्या. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. ती रडायला लागली ती छत्री मोडली म्हणून.

याच मिनिटाला घरी तिच्या आईच्या मोबाईलवर संदेश आला की आपली पाल्य तिच्या थांब्यावर सुखरूप उतरली आहे.

हा संदेश कुठून आला त्याची गोष्ट प्रशिक्षणाशीच जोडलेली आहे, म्हणून ती आधी. बसधंद्याची प्रदर्शनं आता आपल्याकडे नियमित भरतात. बस ऑपरेटरांच्या राष्ट्रीय संघटनेचं 'प्रवास' २०१९ मध्ये नवी मुंबईत भरलं, २०२४ मध्ये बेंगळुरूत. बॉडी बांधणारे, टायरवाले, कॅमेरेवाले, सॉफ्टवेअरवाले सगळे एका छपराखाली येतात आणि जोडीला चर्चासत्रं असतात. अशाच एका प्रदर्शनाला आदल्या वर्षी शाळेच्या व्यवस्थापनातले एक सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष जाऊन आले होते. येताना त्यांनी कार्ड लावून हजेरी घेणारं यंत्र, गाडीच्या आत दोन कॅमेरे आणि पालकांच्या फोनवर संदेश पाठवणारी सेवा ठरवून आणली. यात वाईट काही नाही. गाडी कुठे आहे हे आईला कळतं, रस्त्यावर भिजत उभं राहावं लागत नाही. पण यंत्राच्या लेखी 'उतरली' म्हणजे दाराशी कार्ड लागलं. दाराबाहेरचं काहीच त्याला दिसत नाही.

घटनेनंतर शाळेची पहिली प्रतिक्रिया दोन कलमी होती. ड्रायव्हर बदलायचा आणि गाडीला बाहेरूनही कॅमेरे लावायचे. कॅमेऱ्यांचं कोटेशनही आलं होतं.

मी विनंती केली ती एवढीच, की ठराव आठवडाभर थांबवा आणि ड्रायव्हर व मदतनीस यांना एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसवा. तोवर दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले होते. ड्रायव्हरचा हेडमास्तरांनी, बाईंचा एका शिक्षिकेने. दोन्ही जबाब खरे होते आणि दोन्ही वाचून काही कळत नव्हतं.

एकत्र बसल्यावर कळायला पाच मिनिटं लागली.

बाई म्हणाल्या, "भाऊ, मी थाप मारली म्हणजे दार लागलं. बाहेरचं तुम्ही आरशात बघता ना?"

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही थाप मारली म्हणजे मोकळं झालं, असंच धरून मी गाडी काढतो. इतकी वर्षं."

दोघं एकाच गाडीवर कित्येक वर्षं होते, भांडण नाही, कुरबूर नाही. चतुर्थीला एकमेकांच्या घरी जाणारी माणसं. आणि रोज, प्रत्येक थांब्यावर, त्या दोन थापांचा दोघांच्या डोक्यातला अर्थ वेगळा होता. ही खूण बाईंना कुणी शिकवली नव्हती. खासगी बसचा कंडक्टर मारतो तशी त्या मारायच्या. पण खासगी बसचा कंडक्टर बहुतेक वेळा दारात लोंबकळत असतो, अर्धा बाहेर. त्याच्या थापेमागे डोळे असतात. बालरथाची मदतनीस दार लावून आतून थाप मारते.

मग ड्रायव्हरने का बघितलं नाही? माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे. त्या तिठ्यावर बस डांबर सोडून अर्धीच बाजूला होते. पुढे वळण. मागून चोर्ला घाटाकडे परतणारे बेळगावचे भाजीचे रिकामे टेंपो सुसाट येतात. गाडी रस्त्यावर घेताना ड्रायव्हरचे डोळे उजव्या आरशात असायलाच हवेत. नसते तर तो वाईट ड्रायव्हर ठरला असता. म्हणजे नेमक्या त्या दोन-चार सेकंदांत, जेव्हा उतरलेलं मूल गाडीच्या डाव्या अंगाला सर्वांत जवळ असतं, तेव्हा ड्रायव्हर नियमाने उजवीकडे बघत असतो. डावा पुढचा कोपरा त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असायला हवा. इथे तो कुणाच्याच नव्हता.

ड्रायव्हर बदलला असता तर नवा माणूसही उजवीकडेच बघत गाडी काढणार होता.

दोघांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरच्या नावावर तीन प्रमाणपत्रं निघाली, बहुतेक जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा महिन्यातली. सभागृह, दीपप्रज्वलन, पडद्यावर अपघातांची चित्रं, चिन्हांची ओळख, शपथ, चहा-समोसा. बाईंच्या नावावर काहीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पत्रावर ड्रायव्हर लिहिलेलं असतं. त्या दिवशी मला सुट्टी देतात."

हे या एका शाळेचं नाही. शाळाबसबद्दल आपल्याकडे ज्या नियमावलीचा हवाला सगळे देतात ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशातून आली. एम. सी. मेहता खटल्यात दिल्लीसाठी दिलेले ते निर्देश पुढे राज्याराज्यांत नमुना म्हणून वापरले गेले. त्यात काय आहे बघा. पुढे-मागे 'स्कूल बस' असं लिहिलेलं हवं, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं नळकांडं, शाळेचं नाव आणि फोन, दाराला भरवशाची कडी, सीटखाली दप्तरांना जागा, वेगाला लगाम. ड्रायव्हरला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, वर्षात दोनदापेक्षा जास्त वेळा सिग्नल तोडल्याबद्दल चलान झालेलं नको, भरधाव किंवा दारू पिऊन चालवल्याचं एकदाही नको. आणि मदतनीस? गाडीत एक पात्र मदतनीस असावा, एवढंच. पात्र म्हणजे काय करता येणारा, हे कुणी भरायचं ठेवून दिलं आणि ते रिकामंच राहिलं. गाडीच्या बांधणीसाठी एआयएस-०६३ हे स्वतंत्र मानक आहे, ड्रायव्हरच्या प्रशिक्षणासाठी पुण्याच्या सीआयआरटीसारख्या (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) संस्था आहेत. पात्र मदतनीस घडवण्याची सोय मात्र मला कुठे दिसत नाही.

प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूंचा उगम बघितला की हे आणखी स्पष्ट होतं. शाळाबसचा पिवळा रंग १९३९ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात भरलेल्या परिषदेत ठरला. फ्रँक सायर या प्राध्यापकांनी ती बोलावली होती. गाडीच्या बांधणीचे इतर निकषही तिथेच लिहिले गेले. आजही तिकडे शाळाबसवाल्यांची अधिवेशनं आणि प्रदर्शनं दरवर्षी भरतात. पण तिकडे साध्या फेरीला गाडीत बहुधा एकटा ड्रायव्हर असतो. मदतनीस असतो तो मुख्यतः विशेष गरजांच्या मुलांच्या गाडीत. एकटा माणूस आहे म्हणूनच लाल दिव्यांची उघडझाप, बाजूने बाहेर येणारी 'थांबा'ची पाटी, ती दिसली की इतर वाहनांनी थांबण्याचा कायदा, पुढचा कोपरा दाखवणारे फुगीर आरसे असा सगळा सरंजाम उभा राहिला. तिथल्या प्रशिक्षणात बसच्या चारही बाजूंची सुमारे दहा फुटांची पट्टी धोक्याची म्हणून घोकून घेतात. बसमध्ये बसलेलं मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं. धोका चढता-उतरताना, गाडीभोवती असतो.

ही दहा फुटांची पट्टी इकडे तशीच घ्यावी. केरीच्या रस्त्यावर लाल पाटी बाहेर काढली तर मागचा टेंपो थांबेल या भरवशावर मात्र मी स्वतःचं पोर उतरवणार नाही. आपल्याकडे जे आहे आणि तिकडे नाही, ते म्हणजे गाडीतलं दुसरं माणूस. तेवढं एक सोडून बाकी सगळ्याचं प्रशिक्षण आपण देतो.

शाळेच्या मैदानावर आम्ही जे केलं त्याला खर्च आला नाही. गाडी मधोमध उभी केली. बालवाडीतल्या छोट्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि प्रत्येकीवर एक दप्तर ठेवलं, म्हणजे उंची साधारण वाकलेल्या पहिली-दुसरीच्या पोराएवढी. ड्रायव्हरला सीटवर बसवून, आरसे नेहमीसारखे ठेवून, एकेक खुर्ची गाडीकडे सरकवत नेली. दिसेनाशी झाली की ड्रायव्हरने हॉर्न द्यायचा. जिथे हॉर्न वाजला तिथे चुन्याने खूण. सगळ्या खुणा जोडल्यावर गाडीभोवती एक वाकडीतिकडी पांढरी रेघ तयार झाली. उजवीकडे ती गाडीला चिकटून होती, समोर थोडी लांब, आणि डाव्या पुढच्या कोपऱ्यापाशी फुगून पार बाहेर गेली होती. त्या फुगवट्यात चार खुर्च्या आरामात मावल्या.

मग सीटवर बाकीचे बसले. हेडमास्तर, शिक्षिका, पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष. अध्यक्ष खाली उतरले आणि बडतर्फीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. शेवटी मदतनीस बाईंना बसवलं. इतक्या वर्षांत त्या ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे दाराखालचं ह्यांना काहीच दिसत नाही?"

या एका प्रश्नासाठी सगळा खटाटोप होता असं मला वाटतं. तीन सभागृहांतल्या तीन प्रमाणपत्रांनी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उजेडात आली. डाव्या कोपऱ्यासाठीचा फुगीर आरसा गाडीला मुळात होता. आरसा धरणारी लोखंडी पट्टी अजून होती, आरसा नव्हता. कुठल्याशा वाड्यात फणसाच्या फांदीला लागून गेला होता आणि पासिंगला वेळ होता म्हणून तसाच राहिला. फिटनेसची तपासणी ठरल्या मुदतीनेच होते. फांद्या रोज लागतात. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या कोटेशनपुढे हा आरसा म्हणजे किरकोळ खर्च, आणि म्हणूनच बहुधा कुणाच्या लक्षात आला नाही. प्रदर्शनात आरशाचा स्टॉल कोपऱ्यात असतो. तिथे पडदे लुकलुकत नाहीत.

मागचं आपत्कालीन दार उघडून बघितलं तर ते उघडलंच नाही. पावसाळी हवेने बिजागऱ्या गंजलेल्या, आणि आतून दाराला टेकवून स्टेपनी, पोछा आणि क्रीडा महोत्सवाचे दोन फलक. आग विझवण्याच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात होता हे नशीब. पण पिन ओढायची कशी हे बाईंना माहीत नव्हतं आणि ड्रायव्हरला ऐकून माहीत होतं. एक जुनं नळकांडं मैदानाच्या टोकाला दोघांकडून रिकामं करवून घेतलं. यावर जास्त लिहीत नाही, कोणत्याही शाळेने आपल्या गाडीचं मागचं दार आज उघडून बघावं.

नवी पद्धत दोघांनी मिळून ठरवली, मी फक्त नको तिथे 'नको' म्हटलं. थापा बंद. बस थांबली की गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक वर. आधी बाई उतरणार, मग मूल. बाई उभ्या राहणार त्या डाव्या पुढच्या कोपऱ्यापाशी, म्हणजे चुन्याच्या रेघेतल्या फुगवट्याच्या तोंडावर. रस्ता ओलांडायचा असेल त्या मुलाला त्या स्वतः समोरून नेणार, आणि इतक्या अंतरावरून की मुलाला ड्रायव्हर काकांचा चेहरा दिसला पाहिजे. हे मुलांना लगेच कळलं, कारण त्याचा खेळ होतो. रेनकोटची टोपी उतरताना मागे टाकायची, नाहीतर बाजूचं दिसत नाही. काही पडलं तर वाकायचं नाही, मावशीला सांगायचं. मग बाई चाकाकडे एकदा वाकून बघणार, चढणार, दार लावणार आणि मोठ्याने म्हणणार, "मोकळं." ड्रायव्हरने तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच गिअर.

तालीम मैदानावर एकदा झाली. बाकी सगळी प्रत्यक्ष मार्गावर, रिकामी गाडी घेऊन, प्रत्येक थांब्यावर. मैदानावर जे बसतं ते थांब्यावर बसतंच असं नाही. एका ठिकाणी बाईंनी उभं राहायची जागा म्हणजे उघडं गटार निघालं. दुसऱ्या ठिकाणी दार उघडतं ते थेट विजेच्या खांबासमोर. त्या तिठ्याचा थांबा तर हलवावाच लागला. अलीकडे देवळाच्या आवाराच्या तोंडाशी बस पूर्णपणे डांबराबाहेर घेता येते. देवस्थान समितीने हरकत घेतली नाही, उत्सवाचे दिवस सोडून. गाड्यावाल्याने मात्र घेतली, कारण पोरांना न्यायला येणाऱ्या आया त्याच्याकडे बिस्किटं घ्यायच्या.

किंमत मोजावी लागली ती वेळेत. प्रत्येक थांब्यावर मिनिटभर जास्त जातं. हीच बस परत येऊन दुसऱ्या वाड्यांची फेरी करते, त्यामुळे दुसऱ्या फेरीची मुलं शाळेत ताटकळू लागली आणि पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या त्या सगळ्या उशिराच्या. धोक्याबद्दल बोलणारे पालक आणि उशिराबद्दल बोलणारे पालक पुष्कळदा तेच असतात, हा माझा अनुभव. शाळेने जवळजवळचे दोन थांबे एकत्र केले आणि दुसऱ्या फेरीच्या मुलांना वाचनालय उघडून दिलं. दारापर्यंत गाडी हवी असणारी दोन घरं अजून नाराज आहेत. बाई खाली असताना गाडीतल्या पोरांवर लक्ष कुणाचं, हा प्रश्नही होताच. नववीतली एक मुलगी ते बघते. माझ्या मते ही तात्पुरती सोय झाली, उपाय नव्हे.

संदेश पाठवणाऱ्या कंपनीला शाळेने विचारलं, की बाईंनी 'मोकळं' म्हटल्यावर बटण दाबलं तरच संदेश जाईल असं करता येईल का. यंत्र कार्डावरच चालतं, असं उत्तर आलं. तेव्हा निदान मजकूर बदलून घेतला. 'सुखरूप' हा शब्द काढला, आता फक्त कार्ड लागल्याची वेळ येते.

पुढच्या प्रदर्शनाला व्यवस्थापनाने ड्रायव्हरला पाठवलं. त्याने नेलेली यादी मी बघितली होती. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच, आपत्कालीन दाराची कडी सातवीतल्या मुलाला उघडते का, आरसा फांदीला लागला तर मुडपून परत जागेवर येणारा मिळतो का, आणि मिळत असेल तर तो गोव्यात कोण बसवून देतो. एका स्टॉलवर त्याला उत्तर मिळायला बराच वेळ लागला, कारण तिथल्या माणसांकडे असं विचारायला फारसं कुणी येत नसावं. आरसा मात्र तो घेऊन आला. बाईंना जायला जमलं नाही. बेंगळुरूला रात्रीची बस, मुक्काम, घरी आजारी सासू. मदतनिसांसाठी काही करायचं तर ते साखळी-वाळपईतच, शनिवारी दुपारपर्यंत संपणारं असायला हवं, हे यातून कळलं.

तसे शनिवार आता सुरू झाले आहेत. आसपासच्या काही शाळांच्या जोड्या येतात. अट एकच, दोघांनी यायचं, एकट्या ड्रायव्हरला परत पाठवलं जातं. खुर्च्या आणि चुना या बाईच मांडतात आणि बाकीच्यांना सीटवर चढवतात.

दोन प्रश्न सुटलेले नाहीत. एक बदलीचा. ड्रायव्हर किंवा मदतनीस रजेवर गेला की दुसरं कुणीतरी येतं आणि जोडी मोडते. बदली माणसाने आधी एक फेरी बरोबर करायची असा नियम केला, पण सकाळी सहाला ताप आल्याचा फोन येतो तेव्हा तो पाळता येत नाही. अशा दिवशी एक शिक्षिका गाडीबरोबर जाते. दुसरा पैशाचा. शनिवारी येणाऱ्या मदतनिसांना त्या दिवसाचे पैसे द्यायचे तर मिळणाऱ्या अनुदानात त्यासाठी वेगळी तरतूद नाही. सध्या पालक-शिक्षक संघ आपल्या निधीतून देतो. अनुदानात प्रशिक्षणाचे दिवस धरावेत, आणि पत्रावर 'ड्रायव्हर व मदतनीस' असं लिहावं, असा अर्ज शाळेने केला आहे.